आकाशातला पाहुणा आणि घरच्यांची यादी

२०२५च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. इशाची नमाज पढून मी मशिदीच्या पायऱ्या उतरत होतो. शेजारच्या घरातला, दहावीत शिकणारा मुलगा मोबाईल पुढे करून उभा राहिला. ‘‘चाचा, ये कयामत की निशानी है क्या?’’ स्क्रीनवर हिरवट शेपटीचा एक गोळा होता आणि खाली मोठ्या अक्षरांत मजकूर होता : पृथ्वीकडे काहीतरी येते आहे, शास्त्रज्ञ लपवत आहेत, वेळ संपत आली, तौबा करा. हा मजकूर माझ्याकडेही दोन ग्रुपवरून आला होता. दोन दिवसांनी एका हिंदू मित्राने त्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरचा मजकूर दाखवला. तिथे कयामतीच्या जागी कलियुगाचा अंत होता. चित्र मात्र तेच.

मी त्या मुलाला म्हणालो, ‘‘नहीं बेटा, मेहमान है. आया है, चला जाएगा.’’

त्याने लगेच विचारले, ‘‘मेहमान है, ये किसने बताया?’’

प्रश्न सरळ होता, पण पायरीवर उभे राहून त्याचे उत्तर देता येण्यासारखे नव्हते. आकाशात एक ठिपका दिसतो. तो आपल्या सूर्यमालेतला की बाहेरचा, हे ठरवायचे कसे? त्याच्या अंगावर पत्ता लिहिलेला नसतो. हे ठरवता येण्यासाठी माणसाला हजार वर्षांहून अधिक काळ लागला आणि त्या हजार वर्षांत काहीरा, समरकंद, इस्तंबूल, गोवा आणि हैदराबाद ही गावे येतात. म्हणून हा लेख.

मार्ग पाहून ओळख

ज्या वस्तूबद्दल तो मजकूर फिरत होता तिचे नाव थ्री-आय/ॲटलस. चिलीमधल्या ॲटलस दुर्बिणीला ती १ जुलै २०२५ रोजी दिसली. नावातला तीनचा आकडा सांगतो की, सूर्यमालेच्या बाहेरून आलेली ही आपल्याला कळलेली तिसरी वस्तू आहे. पहिली २०१७ साली, दुसरी २०१९ साली सापडली. त्याआधी एकही नाही.

बाहेरची वस्तू ओळखतात ती तिच्या रूपावरून नव्हे, मार्गावरून. दगड वर फेकला की तो खाली येतो, कारण पृथ्वीची ओढ त्याच्या वेगापेक्षा जास्त असते. सूर्याचेही तसेच आहे. पृथ्वी, गुरू, हॅलेचा धूमकेतू ही सगळी सूर्याच्या ओढीत बांधलेली मंडळी. त्यांचे मार्ग बंद असतात, फिरून पुन्हा त्याच वाटेवर येणारे. मार्ग किती लांबट आहे हे सांगणाऱ्या आकड्याला उत्केंद्रता म्हणतात. संपूर्ण वर्तुळाची उत्केंद्रता शून्य. पृथ्वीची साधारण ०.०१७, म्हणजे जवळपास वर्तुळच. हॅलेच्या धूमकेतूची ०.९६७, म्हणजे खूप लांबट, तरीही बंद. हा आकडा एकच्या वर गेला की मार्ग उघडा होतो. अशी वस्तू एकदा येते, सूर्याजवळ वळते आणि कायमची निघून जाते. थ्री-आय/ॲटलसची उत्केंद्रता सहाच्या वर निघाली. सूर्याची ओढ लागण्याआधीच ती सेकंदाला सुमारे ५८ किलोमीटर वेगाने येत होती. एवढा वेग सूर्याने दिलेला नाही. ती तो बाहेरूनच घेऊन आली होती.

पण हा मार्ग काढायचा कसा? आज रात्री ठिपका अमुक ताऱ्याजवळ, उद्या थोडा पुढे, परवा आणखी पुढे. अशा काही नोंदी जुळवल्या की गणिताने मार्ग मिळतो. यात एक अट दडलेली आहे. मागचे तारे नेमके कुठे आहेत, हे आधी माहीत हवे. आपल्या घरात लग्नकार्य असले, शे-दोनशे माणसे वावरत असली, तर अनोळखी माणूस कोण हे घरची बुजुर्ग बाईच सांगू शकते, कारण तिला घरातले प्रत्येक माणूस ठाऊक असते. आकाशाच्या घरातली माणसे मोजायचे काम ज्यांनी केले, त्यांच्यात आपले पूर्वज पुढे होते.

यादी करणारे

अब्दुर्रहमान अस्-सूफी याने इसवी सन ९६४च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवरचे आपले पुस्तक पूर्ण केले. इराणमध्ये बुवैही सुलतान अदुदुद्दौला याच्या पदरी तो होता. त्याच्यासमोर ग्रीक टॉलेमीची आठशे वर्षांपूर्वीची ताऱ्यांची यादी होती. सूफीने ती तशीच उतरवून घेतली नाही. तारे स्वतः पाहिले, त्यांची तेजस्विता पुन्हा ठरवली, जिथे टॉलेमी चुकला तिथे तसे लिहिले. देवयानी तारकासमूहात दिसणाऱ्या एका धूसर ‘छोट्या ढगा’चीही त्याने नोंद केली. तो ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची दुसरी दीर्घिका आहे, हे कळायला पुढे जवळजवळ हजार वर्षे लागली. पण ‘इथे काहीतरी आहे’ हे लिहून ठेवणारा माणूस आधी होऊन गेला होता.

आज इंग्रजीत जी ताऱ्यांची नावे आहेत, त्यातली पुष्कळशी या अरबी परंपरेतून गेलेली आहेत. आपल्या रोहिणीचे अल्डेबरन म्हणजे अद्-दबरान, कृत्तिकांच्या मागून येणारा. आपल्या अभिजितचे नाव व्हेगा. ते ‘अन्-नस्र अल्-वाके’, म्हणजे झेपावत खाली येणारा गरुड, यातल्या ‘वाके’चे बदललेले रूप. हे अभिजितचे नाव लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा येणार आहे.

सूफीनंतर साडेचारशे वर्षांनी तैमूरचा नातू उलुग बेग याने समरकंदमध्ये वेधशाळा बांधली. तिच्यातल्या कोन मोजण्याच्या दगडी कमानीची त्रिज्या सुमारे ४० मीटर होती. डोळ्यांनीच वेध घ्यायचे, तर उपकरण जितके मोठे तितका कोन बारीक मोजता येतो, हा त्यामागचा हिशेब. तिथे हजारावर ताऱ्यांच्या जागा नव्याने मोजल्या गेल्या. १४४९ मध्ये उलुग बेगचा स्वतःच्या मुलाच्या हुकुमाने खून झाला. वेधशाळा ओस पडली, मग नाहीशी झाली. तिचे अवशेष थेट १९०८ मध्ये जमिनीखाली सापडले. पण झीज, म्हणजे तिथे तयार झालेली कोष्टके आणि ताऱ्यांची यादी, वाचली. हातोहात नकला होत ती इस्तंबूलला पोहोचली, हिंदुस्थानात आली. जयपूरच्या सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात मोगल बादशहा मुहम्मदशहाच्या नावे जी झीज तयार केली, तिच्यातल्या ताऱ्यांच्या यादीचा पायाही उलुग बेगची यादीच होती. इमारत गेली, यादी राहिली. ही गोष्ट या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

काहीराचा तरुण

यादीबरोबर दुसरी एक गोष्टही सतत चालू होती, ती म्हणजे भीती. इसवी सन १००६ मध्ये आकाशात अचानक एक अतिशय तेजस्वी तारा दिसू लागला. चीनमधल्या निरीक्षकांकडे अशा ताऱ्यांसाठी शब्दच होता, ‘पाहुणा तारा’. इजिप्तमध्ये अली इब्न रिदवान हा तेव्हा शिकणारा तरुण होता. पुढे तो काहीराचा नामवंत हकीम झाला. त्याने या ताऱ्याबद्दल जे लिहून ठेवले त्यात दोन थर आहेत. एकीकडे तो त्या ताऱ्याचा संबंध युद्धांशी आणि दुष्काळाशी जोडतो. त्या काळी सगळेच तसे करत. पण त्याच लिखाणात तो ताऱ्याची रास आणि अंश देतो, शुक्राशी तुलना करून त्याचा आकार सांगतो आणि तो दिसू लागला तेव्हा सूर्य, चंद्र आणि ग्रह नेमके कुठे होते, तेही नोंदवतो.

हजार वर्षांनंतर त्यातले काय उपयोगी पडले? दुष्काळाचा अर्थ कोणाच्या कामी आला नाही. पण ग्रहांच्या जागांवरून त्याच्या नोंदीची तारीख काढता आली आणि इतर देशांतल्या नोंदींशी ताडून तो तारा आकाशात कुठे होता, हेही शोधता आले. तिथे आज एका फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष दुर्बिणींना दिसतात. तो तारा कुठून आला नव्हता. आधी डोळ्यांना न दिसणारा तारा जागच्या जागी फुटला होता. पाहुणा वाटला, पण खरा पाहुणा तो नव्हता. इब्न रिदवानला हे कळणे शक्यच नव्हते. त्याने जागा लिहून ठेवली, एवढे पुरेसे ठरले.

एक धूमकेतू, दोन वेधशाळा

नोव्हेंबर १५७७ मध्ये एक मोठा धूमकेतू दिसला. तेव्हा सर्वमान्य मत ॲरिस्टॉटलचे होते : धूमकेतू म्हणजे जमिनीतून निघालेली वाफ, जी हवेच्या वरच्या थरात पेट घेते. चंद्राच्या पलीकडे काही बदलत नाही, काही नवे येत नाही. आपल्याकडे इब्न सीनासारख्या फिलसूफांनीही हेच मत चालवले होते. या मताप्रमाणे बाहेरून पाहुणा येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण घराला दारच नाही.

हा धूमकेतू डेन्मार्कच्या ह्वेन बेटावर टायको ब्राहे पाहत होता. त्याने साधी युक्ती वापरली. हाताचा अंगठा डोळ्यासमोर धरा, एकदा उजवा डोळा मिटा, एकदा डावा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखा वाटतो. तो जितका जवळ, तितका जास्त सरकतो. त्याच पद्धतीने टायकोने स्वतःच्या नोंदी प्रागमध्ये घेतलेल्या नोंदींशी ताडून पाहिल्या. दोन ठिकाणांहून चंद्र मागच्या ताऱ्यांवर जेवढा सरकलेला दिसतो, तेवढा धूमकेतू सरकत नव्हता. म्हणजे तो चंद्राच्या पलीकडे होता. घराला दार होते. ॲरिस्टॉटलची भिंत तिथे फुटली.

नेमका हाच धूमकेतू इस्तंबूलमध्ये तकीउद्दीन पाहत होता. दमिश्कमध्ये जन्मलेला, काझी म्हणून काम केलेला हा विद्वान उस्मानी सल्तनतीचा मुख्य मुनज्जिम होता. त्याने वेधांसाठी मिनिटे आणि सेकंद मोजणारे घड्याळ बनवले होते. त्याच्या सांगण्यावरून सुलतान मुराद तिसरा याने बांधून दिलेली वेधशाळा १५७७ मध्येच तयार झाली होती. त्या काळात काढलेल्या एका चित्रात तिच्यातले लोक दिसतात. पगडी घातलेले विद्वान, टेबलावर घड्याळ, पृथ्वीचा गोल, हातात उपकरणे. तिथली उपकरणे आणि टायकोची उपकरणे इतकी सारखी आहेत की, अभ्यासकांना नेहमीच त्याचे नवल वाटत आले आहे. दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. जे काम ह्वेन बेटावर होत होते ते इस्तंबूलमध्ये होऊ शकत नव्हते, असे म्हणायला जागा नाही.

पण सुलतानाला हवे होते भाकीत आणि तकीउद्दीनने ते दिले. धूमकेतू शुभ आहे, इराणवर विजय मिळेल, असे त्याने सांगितले. १५७८ मध्ये इराणविरुद्ध युद्ध सुरू झाले, काही विजय मिळालेही. पण त्याच काळात साथ आली, दरबारातली मोठी माणसे गेली. वेधशाळेचा आधार असलेला वजीर सोकोल्लू मेहमेद पाशा १५७९ मध्ये मारला गेला. शेख-उल-इस्लामने सुलतानाला कळवले की, आकाशाची गुपिते उकरणाऱ्या सल्तनतींवर संकट येते. २२ जानेवारी १५८० रोजी सुलतानाच्या हुकुमाने ती वेधशाळा पाडण्यात आली. उभी राहून तिला तीन वर्षेही झाली नव्हती.

हा प्रसंग सांगताना आपल्याकडे दोन सोप्या वाटा घेतल्या जातात. एक वाट म्हणते, पाहा, धर्माने विज्ञान मारले. दुसरी म्हणते, या गोष्टी उगाळू नका, आपली बदनामी होते. मला दोन्ही पुरेशा वाटत नाहीत. पाडणाऱ्यांचा दोष आहेच, तो झाकण्यात अर्थ नाही. त्यात दरबारातले राजकारण होते, हेही खरे. पण स्वतः तकीउद्दीनने त्या धूमकेतूची किंमत भाकितात लावली होती. जी वेधशाळा शुभशकुनाच्या नावावर चालते, ती अपशकुनाच्या नावावर पडते.

आणि ज्यांनी धर्माचे नाव घेऊन ती पाडायला लावली, त्यांनी धर्माचीच एक ठळक शिकवण बाजूला ठेवली होती. हजरत पैगंबर (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, सूर्यही शोकात बुडाला. पैगंबरांनी स्वतःच्या दुःखाच्या त्या घडीला लोकांना समजावले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, त्यांना कोणाच्या मरणामुळे किंवा जन्मामुळे ग्रहण लागत नाही. बुखारीसह हदीसच्या प्रमुख संग्रहांत हा प्रसंग आहे. निशाणी मानणे वेगळे आणि निशाणीवरून सुलतानाचा विजय-पराजय काढणे वेगळे, हा फरक त्यात स्पष्ट आहे.

टायकोची वेधशाळाही फार टिकली नाही. नव्या राजाशी बिनसले, १५९७ मध्ये त्याने बेट सोडले आणि त्याच्या मृत्यूनंतर तिथल्या इमारती पाडल्या गेल्या. म्हणजे दोन्ही वास्तू गेल्या. फरक एवढाच की, टायकोकडे वीस वर्षांचे वेध जमले होते आणि धूमकेतूवरचे त्याचे पुस्तक १५८८ मध्येच छापले गेले होते. त्याच्या वेधांवर केप्लरने ग्रहांचे नियम उभे केले. तकीउद्दीनला काम पूर्ण करायला वेळच मिळाला नाही.

१६१८ : जहांगीर आणि गोवा

हे सगळे आपल्यापासून दूर घडत होते असे नाही. १६१८च्या अखेरीस लागोपाठ धूमकेतू दिसले. जहांगीर बादशहाने आपल्या तुझुकमध्ये त्यांची नोंद केली आहे. ज्योतिष्यांनी अस्तुरलाबाने शेपटीची लांबी मोजली, ती सुमारे २४ अंश भरली, असे तो लिहितो. देशात पसरलेल्या रोगाच्या साथीचा संबंधही तो या दर्शनाशी लावतो. मोजमाप आणि भीती शेजारी शेजारी, इब्न रिदवानसारखेच.

त्याच दिवसांत गोव्यात जेझुइट पाद्री किर्विट्झर आणि त्याचे सहकारी हेच धूमकेतू पाहत होते. त्यांच्याकडे दुर्बीण होती. त्यांच्या नोंदी १६२० मध्ये युरोपात छापून आल्या. भारतात दुर्बिणीतून झालेल्या आकाशनिरीक्षणाच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींत त्या मोजल्या जातात.

आणि १६१९ मध्ये केप्लरने धूमकेतूंवर पुस्तक काढले. त्यात त्याचे म्हणणे असे की, धूमकेतू सरळ रेषेत जातात. येतात, निघून जातात, परत येत नाहीत. म्हणजे केप्लरच्या मते प्रत्येक धूमकेतू वाटसरूच होता. धूमकेतूंच्या बाबतीत तो चुकला. न्यूटनने १६८७ मध्ये दाखवले की, धूमकेतूही सूर्याच्या ओढीनेच वळतात. हॅलेने १५३१, १६०७ आणि १६८२ या तीन वर्षांचे धूमकेतू एकच असल्याचे ओळखले आणि तो १७५८च्या सुमारास परत येईल असे सांगितले. त्या वर्षी नाताळच्या रात्री तो खरोखर दिसला. हेही भाकीतच होते, पण तकीउद्दीनच्या भाकितापेक्षा निराळे. ते चुकले असते तर चूक कुठे झाली हे हिशेबात शोधता आले असते.

त्यानंतर एकेक धूमकेतू घरचा ठरत गेला. बाहेरचा कोणी येतो का, हा प्रश्न मागे उरला. फ्रान्सच्या लाप्लासला वाटे की, धूमकेतू ताऱ्यांमधल्या अवकाशातून येत असावेत. काही धूमकेतूंचा आकडा एकच्या किंचित वर दिसेही. पण हिशेब मागे नेला की तो धक्का गुरूसारख्या ग्रहांनी दिलेला निघे. १९५० मध्ये यान ओर्टने सुचवले की, सूर्यमालेच्या फार दूरच्या कडेला धूमकेतूंचे भांडार आहे आणि ते सूर्याचेच आहे. खरा पाहुणा काही सापडेना.

हैदराबादच्या वाट्याचे आकाश

मधल्या काळात यादीचे काम थांबले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जगभरच्या वेधशाळांनी ठरवले की, सगळ्या आकाशाचे फोटो काढून ताऱ्यांच्या जागा मोजायच्या. आकाशाचे पट्टे पाडून ते वाटून घेतले. ग्रीनिच, व्हॅटिकन, पॅरिस, ऑक्सफर्ड अशी नावे त्या वाटपात आहेत. आणि हैदराबादही आहे.

हैदराबादचे एक उमराव नवाब जफर जंग यांना आकाशाचा नाद होता. त्यांनी स्वतःच्या पैशाने इंग्लंडहून मोठी दुर्बीण आणवली आणि १९०१ मध्ये वेधशाळा सुरू केली. तिला निझामाचे नाव दिले, निझामिया वेधशाळा. नवाबांच्या निधनानंतर १९०८ मध्ये ती रियासतीने ताब्यात घेतली, पुढे ती उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. मराठवाडा तेव्हा याच रियासतीत होता. आमच्या आजोबांनी शेतसारा भरला तो त्याच खजिन्यात. त्यातले काही पैसे काचेच्या तबकड्यांवर तारे मोजण्यात खर्च झाले असतील, तर मला ते आवडेल.

निझामियाने दोन पट्टे पूर्ण केले, एक दक्षिणेचा आणि एक उत्तरेचा. मोजलेले तारे साडेसात लाखांहून अधिक. हे काम दिसायला अगदी कंटाळवाणे. फोटो काढायचा, भिंगाखाली ठेवायचा, एकेका ठिपक्याची जागा आकड्यांत लिहायची. हे तीन दशकांहून अधिक काळ चालले. यात कोणतेही भाकीत नव्हते, बातमी होईल असा शोधही नव्हता. उत्तरेचा जो पट्टा हैदराबादकडे होता, त्यातच आपला अभिजित येतो.

या जुन्या नोंदींचे मोल पुढे कळले. तारे स्थिर वाटतात, पण प्रत्येक जण अतिशय सावकाश सरकत असतो. शंभर वर्षांपूर्वीची जागा आणि आजची जागा ताडली की हे सरकणे कळते. २००० साली सुमारे २५ लाख ताऱ्यांची एक यादी प्रसिद्ध झाली. उपग्रहाने मोजलेल्या जागा या जुन्या फोटोंतल्या जागांशी ताडूनच तिच्यातल्या ताऱ्यांच्या गती काढल्या आहेत. यादीचे नाव टायको-२. इस्तंबूलची वेधशाळा पडली तेव्हा जे काम अर्धवट राहिले, त्या प्रकारच्या कामातला एक वाटा हैदराबादने उचलला आणि तो टायकोच्या नावाच्या यादीत जाऊन बसला.

अखेर पाहुणा आला

१९ ऑक्टोबर २०१७ रोजी हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या चित्रांत रॉबर्ट वेरिक या खगोलशास्त्रज्ञाला एक सरकणारा ठिपका दिसला. काही दिवसांत मार्ग निघाला. उत्केंद्रता १.२. कोणत्याही ग्रहाच्या धक्क्याने हा आकडा समजावता येत नव्हता. सूर्याला वळसा घालून ती वस्तू परत निघालीसुद्धा होती. तिला हवाईयन भाषेतले नाव दिले, ओमुआमुआ, म्हणजे दुरून आलेला पहिला दूत. ती आकाराने लहान होती, तिचे तेज काही तासांच्या अंतराने कमी-जास्त होई, त्यावरून ती बरीच लांबट किंवा चपटी असावी असा निष्कर्ष निघाला. ती सूर्याच्या ओढीच्या हिशेबापेक्षा किंचित जास्त वेगाने दूर जात होती. हार्वर्डचे अवी लोब यांनी ती परग्रहावरच्या कोणी बनवलेली असू शकेल, असे म्हटले. बहुतेक शास्त्रज्ञ आतल्या बर्फातून निसटणाऱ्या वायूचे कारण अधिक सरळ मानतात. हा वाद आकडे समोर ठेवून झाला, हे त्यातले चांगले.

ती आली होती अभिजितच्या दिशेने, अरबांच्या झेपावणाऱ्या गरुडाकडून. मग ती अभिजितचीच का? इथे यादी कामाला आली. अभिजित आपल्यापासून २५ प्रकाशवर्षे दूर. सेकंदाला २६ किलोमीटरच्या वेगाने तेवढे अंतर कापायला सुमारे तीन लाख वर्षे लागतात. आणि तारे सरकतात, त्यामुळे तीन लाख वर्षांपूर्वी अभिजित त्या जागी नव्हता. गाया उपग्रहाच्या नव्या यादीशी ताडूनही तिचे मूळ घर निश्चित सापडलेले नाही.

दुसरा पाहुणा ३० ऑगस्ट २०१९ रोजी क्रिमियातल्या गेन्नादी बोरिसोव्ह या हौशी निरीक्षकाने, स्वतः बनवलेल्या ६५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून शोधला. उत्केंद्रता ३.३हून अधिक. तो साधा धूमकेतू होता, शेपटीसकट. तिसरा थ्री-आय/ॲटलस. तोही धूमकेतूच. ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस तो सूर्यापासून सुमारे २० कोटी किलोमीटरवरून गेला. नोव्हेंबरमध्ये माउंट अबूच्या वेधशाळेतून आपल्या शास्त्रज्ञांनीही त्याचे वेध घेतले. पृथ्वीच्या सर्वांत जवळ तो १९ डिसेंबरला आला, तेव्हाही अंतर सुमारे २७ कोटी किलोमीटर होते. सूर्यसुद्धा आपल्याला त्याहून बराच जवळ आहे.

त्या मुलाला मी त्या रात्री गच्चीवर नेले. थ्री-आय/ॲटलस नुसत्या डोळ्यांना दिसणारच नव्हता, त्यात तो तेव्हा सूर्याच्या बाजूला होता. मी त्याला वायव्येला उतरलेला अभिजित दाखवला, त्याचे अरबी नाव सांगितले आणि वर लिहिलेली हकिकत थोडक्यात सांगितली. सूफी, उलुग बेग, तकीउद्दीन, जफर जंग. ही नावे त्याने कधी ऐकली नव्हती. शाळेच्या पुस्तकात नाहीत आणि मशिदीतल्या बयानातही येत नाहीत. इस्तंबूलची वेधशाळा पाडली, हे ऐकून तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘चाचा, उन्होंने पूरा गिनने तो देना था.’’

दुसऱ्या दिवशी त्याने त्या ग्रुपवर, त्याच चित्राखाली, एक ओळ टाकली : हा डिसेंबरमध्ये सर्वांत जवळ येईल तेव्हा अंतर २७ कोटी किलोमीटर असेल. त्याखाली कोणी काही लिहिले नाही. पण दोघातिघांनी त्याला खासगीत विचारले, ‘‘किसने गिना?’’ त्यांना काय सांगायचे, ते विचारायला तो पुन्हा माझ्याकडे आला.